आडवा बोल्ट

“फिरव आता. डावीकडं... हं, थांब!” पिकपच्या खालून योहान मिस्त्रीचा आवाज आला.

गोरक्षनाथने स्टेअरिंग धरून ठेवलं. पिकप लढाईच्या काळातली, मिशनच्या साहेबाकडून त्याने घेतलेली. दुष्काळ पडल्यापासून ती खडी फोडायच्या कामावर बायकांना नेई, येताना पाण्याची पिंपं आणी. पण अलीकडे स्टेअरिंग वीतभर फिरवावं तेव्हा कुठे पुढची चाकं हलत. तिसगावहून नगरला जायचं तर मधे करंजीचा घाट, आणि घाटात वीतभर म्हणजे फार झालं.

योहानने दोन दिवस खपून झिजलेला शाफ्ट खालून कापला होता आणि मोडीत निघालेल्या जीपचा जोड त्याला बसवला होता. आता एका बोटानेसुद्धा चाकं वळत होती. राहिला होता एक आडवा बोल्ट, शाफ्ट आणि जोड दोन्हींच्या आरपार जाणारा, करंगळीएवढा. तो पक्क्या पोलादाचाच हवा. तूर्त चाकं वळवून बघण्यापुरता योहानने डब्यातला साधा बोल्ट घातला होता. तो इतका मऊ, की त्याच्यावर खिळ्याने ओढलं तरी चकचकीत रेघ उठत होती.

“हा निस्ता टांगल्यावानी हाय,” कपाळावरचं ग्रीस पुसत तो बाहेर आला. “ह्याच्यावर गाडी हलवायची न्हाई. आत्ताच्या यष्टीनं नगरला जा. हे माप घे.”

गोरक्षनाथ गेला. दुपारी चारच्या गाडीने परतला तेव्हा त्याच्या हातात तुरटी होती, बायकोसाठी औषधाची बाटली होती. बोल्ट नव्हता.

“मिळाला न्हाई?”

“मिळाला की. दुकानदारानं बाजूला काढून ठिवलाय. उद्या सकाळी घरनं देतो म्हनला.” गोरक्षनाथ घुटमळला. “आज शनवार हाय, मिस्त्री. आज लोखंड कसं आनू?”

योहानचं टाळकं सटकलं. हाताशी आलेला बोल्ट न घेता कुणी बारा कोस येतं का! “आरं, शनिदेव काय बोल्ट मोजाया बसलाय व्हय?”

“तुमी रैवारी पाना उचलता का?” गोरक्षनाथने अगदी साधेपणाने विचारलं.

तीस वर्षांत योहानने रविवारी हत्याराला हात लावला नव्हता. एकदा तर साहेबाचीच मोटार रविवारी बंद पडली, तेव्हासुद्धा तो पांढरा सदरा घालून मिशनच्या देवळात प्रार्थनेला जाऊन बसला होता. लोक त्याला हेकट म्हणत. म्हणोत बापडे. सहा दिवस जो तो येऊन “ए मिस्त्री” म्हणून हाक मारायचा. सातव्या दिवशी तो कुणाचा मिस्त्री नसायचा. त्याच्या बापाला असा एक दिवसही कधी मिळाला नव्हता.

“बरं,” तो म्हणाला. “पर गाडी जाग्यावरनं हलवू नगंस. शप्पत घे.”

“शनिदेवाची शप्पत.”

त्या रात्री योहानला नीट झोप लागली नाही. बायको मरियम म्हणाली, “त्यो साधा बोल्ट काढूनच टाकायचा हुता. निम्मी उघडी गाडी कोन चालवनार?” हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. जोड उघडा पडला की धूळ जाते, म्हणून त्याने तो तसाच ठेवला होता. सकाळी काढू असं मनाशी म्हणाला आणि लगेच आठवलं, सकाळी रविवार.

रविवारी साडेनऊला गोरक्षनाथ नगरहून आलेल्या यष्टीतून उतरून, घरी न जाता थेट दारात उभा होता. कागदात गुंडाळलेला बोल्ट त्याने तळहातावर धरला. नवा, निळसर झाक असलेला. योहानने सदऱ्याची वरची गुंडी लावत तो नुसता पाहिला.

“घंटाभराचं बी काम न्हाई, मिस्त्री.”

“इस मिंटांचं हाय. पर उद्या. उगवतीला ये.”

आपण रागवावं, भांडावं असं गोरक्षनाथला वाटलं असेल का? चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. त्याने बोल्ट पुन्हा कागदात गुंडाळला, खिशात टाकला आणि म्हणाला, “व्हय. मी माझा वार पाळला, तुमी तुमचा पाळा.”

देऊळ रस्त्याच्या कडेलाच होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. दारं उघडी असूनही आत कोंदट वाटत होतं. उपदेश संपून लांबलचक प्रार्थना सुरू झाली, पावसासाठीची. सगळ्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात योहानच्या कानावर इंजिनाचा आवाज आला.

तो आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. पिकप आली, देवळासमोर थांबली. इंजिन चालूच होतं. त्याने डोळे उघडले तर पलीकडे बायकांच्या रांगेतून मरियम त्याच्याकडेच बघत होती. उठावं असं त्याला वाटलं. पण आजवर प्रार्थनेतून तो कधी उठला नव्हता, आणि पाळकांची प्रार्थना आता संपतच आली होती. आमेन झालं की उठतो, त्याने ठरवलं.

बाहेर गिअर पडला. आवाज लांब जाऊ लागला.

आमेन होताच योहान रस्त्यावर आला, पण रस्ता रिकामा होता. धूळ खाली बसायची होती. तो अनवाणीच करंजीच्या दिशेने धावत सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस धावून धावून किती धावणार!

काय झालं ते नंतर बनुबाईने सांगितलं. ती गावातली सुईण. गोरक्षनाथची बहीण लंकाबाई बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस उगवल्यापासून अडली होती, आणि दहाला बनुबाईने हात टेकले. यष्टी दुपारशिवाय नव्हती. गोरक्षनाथने पिकप काढली, मागे गोधडी टाकून बहिणीला निजवलं, बनुबाई तिच्याजवळ बसली.

“देवळापाशी त्यो उतरला,” बनुबाई म्हणाली. “दारापतुर गेला, चपला बी काढल्या. आत समद्यांचे डोळं मिटल्यालं. मी म्हनलं, हाक मार की रं! तर म्हनला, त्यांची प्रार्थना चाललीया, मोडू नये. हळूहळू जातो म्हनला.”

तो खरोखरच हळू गेला. घाटाच्या तिसऱ्या वळणावर स्टेअरिंग हातात गरगर फिरलं आणि चाकं सरळच राहिली. वेग नव्हता म्हणून गाडी दगडी कठड्याला धडकून तिथेच थांबली. मागच्या दोघींना मुका मार लागला. मागून आलेल्या ट्रकने लंकाबाईला नगरच्या दवाखान्यात पोचवलं. तिला मुलगी झाली. स्टेअरिंगचा दांडा गोरक्षनाथच्या छातीत शिरला होता. तो जागीच गेला.

योहानला कुणीही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तो मरियमला दोनदा म्हणाला. मोडलेली पिकप ओढून त्याच्याच शेडसमोर आणून ठेवली होती. सबंध आठवडा त्याने तिच्याकडे पाठ करून काम केलं.

शनिवारी गोरक्षनाथची बायको गोजरबाई आली. तिने पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. कागदावर तपकिरी डाग होता.

“त्यांच्या खिशात हुता. तुमचा हाय ना?”

योहानने हात पुढे केला नाही. “वैनी, आज शनवार हाय.”

“व्हय,” ती म्हणाली. “मी कुठं इकत आनलाय?” पुडी शेडच्या उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मरियम एकटीच देवळाकडे निघाली. योहानने पांढरा सदरा घातला, पण तो तिच्यामागे गेला नाही. त्याने पेटीतून पाना काढला. घंटा वाजायला लागली तेव्हा तो पिकपखाली उताणा पडला होता. तुटलेल्या साध्या बोल्टचे दोन तुकडे त्याने ठोकून बाहेर काढले. नवा बोल्ट भोकात बेमालूम बसला. त्याने नट आवळला, हाताने तपासला आणि पुन्हा आवळला. इस मिंटं म्हणाला होता. तेवढीसुद्धा लागली नाहीत.

मग तो बाहेर आला, दबलेल्या दारातून हात आत घातला आणि वाकडं झालेलं स्टेअरिंग हलकेच फिरवलं. पुढची दोन्ही चाकं निमूट वळली.