एका माणसाची दोन तिकिटं

“एका माणसाला दोन तिकिटं? हा कुठला न्याय?”

कंडक्टरबाई एजंटच्या टेबलावर झुकल्या. उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेला. तिकिटाच्या बाबतीत त्यांना कोण गंडवणार!

“काकू, क्रूझवर सीट नसते, खोली असते,” एजंट म्हणाला. “भाडं दोन माणसं धरूनच लावतात. एकटं माणूस आलं तरी दुसऱ्या बेडचे पैसे पडतातच.”

“आणि खाणंपिणं?”

“जेवण त्यातच, गाण्यांचे कार्यक्रमही त्यातच. बंदराचा कर आणि खोली आवरणाऱ्यांची रोजची टिप वेगळी. किनाऱ्यावर फिरायला उतरलात तर तोही खर्च वेगळा. बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त.”

“बिनखिडकीचीच द्या. समुद्र काय, डेकवरून फुकट दिसेल.”

शेजारी बसलेल्या मुलानं इतका वेळ मोबाइलमधून डोकं वर काढलं नव्हतं. आता काढलं. “आई, पैसे दोघांचे जाणारच, तर मीच येतो की! बेड रिकामा कशाला ठेवायचा?”

बाई दरपत्रक पर्समध्ये घालून उठल्या.

संध्याकाळपर्यंत रिकाम्या बेडची बातमी सगळ्या नात्यात पसरली आणि जो तो प्रेमानं उतू जाऊ लागला. एरवी साधी चौकशी न करणाऱ्या विहीणबाईंनी फोन करून ‘तब्येतीकडे बघायला कुणी सोबत हवं हो’ म्हणून सुचवलं. धाकटी बहीण तर घरीच येऊन बसली. “ताई, एवढ्या पाण्यात एकटीला भीती वाटेल गं तुला. मी येते.”

“तिला कशाला? मी जातो,” मुलगा म्हणाला. “आईला एकटीला पाठवलं तर लोक काय म्हणतील?”

“पाठवायला मी काय पार्सल आहे?” बाई कडाडल्या. “मी जातेय! आणि एकटीच जातेय. लहानपणी आम्ही चौघी बहिणी एका चटईवर. लग्न झालं, तर पडद्यापलीकडे सासू. आता या हॉलमधल्या दिवाणावर. तुमचा टीव्ही बंद झाला की माझी रात्र सुरू, पाहुणा आला की मी जमिनीवर! जन्मभर लोकांना सांगितलं, आत सरका, जागा करा. स्वतःही सरकतच आले. चार दिवस मी कुणासाठी सरकणार नाही. दुसरी खाटही माझीच. रिकामी ठेवीन, नाहीतर नाचेन तिच्यावर!”

“दुप्पट पैसे घालून? वेड लागलंय तुला!”

“लागू दे. पैसे माझ्या फंडातले आहेत.”

धाकटीचे डोळे भरून आले. ‘चल गं बाई तूही’ हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते, पण त्यांनी ते गिळले. दुसऱ्या दिवशी एकट्याच जाऊन त्यांनी पैसे भरले.

बोटीवरची खोली काडेपेटीएवढी होती. ती आवरणाऱ्या माणसानं विचारलं, “बाई, दोन्ही बेड वेगळेच ठेवू, की जोडून देऊ?”

“जोडा. दोन्ही माझेच आहेत.”

त्यानं खाटा जोडल्या, वर एकच मोठी पांढरी चादर ताणून घातली. तो गेल्यावर बाईंनी दाराला आतून कडी लावली. ही खोली आपली एकटीची, या विचारानं त्यांना हसूच आलं. पोटभर जेवण झालेलंच होतं. त्या आडव्या झाल्या आणि बोटीच्या संथ घरघरीत त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा नाक भिंतीला टेकलेलं होतं. गुडघे पोटाशी, अंग चोरलेलं. वळून बघतात तर मागे सगळा पलंग जसाच्या तसा! चादरीला एक सुरकुती नव्हती.

दोन माणसांचे पैसे मोजून त्या अर्ध्या माणसाच्या जागेत झोपल्या होत्या. बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला आणि रागाबरोबर रडूही फुटलं. कुणी बघणारं नव्हतं, म्हणून त्या मनसोक्त रडल्या.

मग डोळे पुसून उठून बसल्या, घसा खाकरला आणि ड्यूटीवरच्या खणखणीत आवाजात ओरडल्या, “ओ बाई, कडेला काय चिकटून राहिलात? आत सरका! मध्ये सगळी जागा रिकामी आहे!”

आणि बाई सरकल्या. दोन्ही उशा डोक्याखाली घेऊन मधोमध उताण्या पडल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. हात कुठल्याच कडेला पोचत नव्हते.