धोंड्यातला सौदा

मोहने गावच्या नदीकाठची दोन एकर विकायची आणि कल्याणच्या गॅरेजात उभी असलेली जुनी लॉरी घ्यायची, एवढंच धाकूच्या डोक्यात होतं. नौपाड्यातले औषधवाले गोपीनाथ कर्णिक यांनी चैत्रात दोनशे रुपये हातावर ठेवून कागद करून घेतला. भाद्रपद पौर्णिमेपर्यंत ते मागतील तेव्हा धाकूने जमीन चार हजारांना द्यायची. बाजारात भाव काही का असेना. त्यांनी घेतलीच नाही, तर दोनशे धाकूचे. बसल्या जागी दोनशे मिळाले म्हणून स्वारी खुशीत होती.

पुढे नदीकाठी कारखाना येणार अशी आवई उठली आणि त्याच जमिनीला नऊ हजार देणारा माणूस ओट्यावर येऊन बसला. धाकूला अन्न गोड लागेना. दिवसातून चारदा बांधावर जायचं, परत यायचं, बायकोवर, तुळसावर खेकसायचं. कर्णिक आजारी पडावेत, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

त्या वर्षी भाद्रपद अधिक होता. अधिकातल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कर्णिक मेहुण्याकडून उसने आणलेले चार हजार घेऊन हजर झाले. धाकूने देवभोळा चेहरा केला.

"धोंड्यान कोन जमीन इकतं, भाऊ? खरा भादवा म्होरं हाय. तवा या."

मेहुणा काही महिनाभर थांबणार नाही आणि कागद आपोआप मरेल, असा त्याचा हिशेब. तुळसाने आतून खुणावलं, पैसे घ्या म्हणून; त्याने पाहिलं न पाहिलंसं केलं. कर्णिकांनी कागदावर 'निज भाद्रपद' असं लिहून त्याचा अंगठा घेतला.

पंधरा दिवसांत कारखाना दुसरीकडे गेल्याची बातमी आली. नऊ हजारवाला दिसेनासा झाला, आणि दीड हजाराच्या वर कुणी बोलेना. आता धाकू कर्णिकांची वाट बघू लागला. अंगणात पाऊल वाजलं की उठायचा. पौर्णिमेला ते आले नाहीत, तेव्हा दुपारी तोच नौपाड्यात गेला.

"कागदावर चार हजार लिवलंय, भाऊ."

"लिहिलंय ना," कर्णिक बाटलीला बूच लावत म्हणाले. "मी मागितली तर तुम्ही द्यायची, असं लिहिलंय. मी घेतलीच पाहिजे, असं कुठे आहे? त्या दिवशी घ्यायलाच आलो होतो."

धाकूला स्वतःचीच शरम वाटली. लॉरीचे पैसे त्याच्या ओट्यावर चालत आले होते, आणि देवाधर्माचं नाव सांगून त्यानेच ते परत पाठवले होते.