देवाने बरा केलेला खुबा

व्हर्लीन टब्ज बाईंचा उजवा खुबा पार झिजला होता. मिसिसिपीतल्या एका गावच्या शाळेत तीस वर्षं उभ्याने मुलांचं जेवण रांधलं, त्यात तो कामी आला. नवा बसवायचा होता. गरिबांच्या सरकारी विम्यासाठी त्यांचा पगार जास्त पडत होता, म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यासाठी वय तीन वर्षांनी कमी पडत होतं. सरकारने इतकं अचूक माप घेतलं होतं की बाई बरोबर दोन दारांमधल्या भिंतीसमोर उभ्या होत्या. उरली शाळेने दिलेली खासगी विमा कंपनी. तिची परवानगी आधी, शस्त्रक्रिया मग. डॉक्टर काय म्हणतो ते त्याचं वैयक्तिक मत.

परवानगीचा अर्ज गेला, आणि पुढच्याच रविवारी घोटाळा झाला.

बाईंच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड पेटवे यांचं प्रवचन साध्या बोलण्यातून निघायचं आणि नकळत सूर धरायचं. ऑर्गन त्यांच्या एकेका वाक्याला उत्तर देऊ लागला, टाळ्यांचा ठेका जमला, की बसून राहणं म्हणजे भर पंगतीत उपाशी राहणं. त्या दिवशी सूर असा चढला की व्हर्लीनबाईंनी काठी भिरकावली, उठून उभ्या राहिल्या आणि हात वर करून ओरडल्या, "देवानं माझा खुबा बरा केला!"

मागणं पुरं होण्याआधीच आभार मानून मोकळं व्हायचं, ही तिथली रीत. सगळं चर्च "आमेन" म्हणालं. नंतर दोघींनी बाईंना उचलून गाडीत बसवलं, त्यालाही कुणाची हरकत नव्हती.

हरकत कंपनीने घेतली. चर्चचा कॅमेरा दर रविवारी प्रवचन इंटरनेटवर सोडायचा. दहा दिवसांत पत्र आलं: 'आपण जाहीर केल्यानुसार आपला खुबा बरा झाला आहे. सबब शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही. अभिनंदन.'

"एवढी श्रद्धा तर आपल्या चर्चमध्येही कुणाची नाही गं," मैत्रीण ओनीडा म्हणाली. "बाप्तिस्मा द्या त्या कंपनीला."

"दात काढू नकोस. एक्सरेवर विश्वास नाही मेल्यांचा, माझ्या ओरडण्यावर आहे!"

अपील केलं. फोनवर सुनावणी ठरली. स्वयंपाकघरात बाई, ओनीडा आणि रेव्हरंड फोनभोवती बसले. पाऊण तास कंपनीचं संगीतच वाजत राहिलं.

"यांचा वाजवणारा बदलायला हवा," रेव्हरंड म्हणाले.

शेवटी कंपनीचा डॉक्टर आला. त्याने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. म्हणूनच तर निर्णय त्याच्याकडे होता.

"मॅडम, खुबा बरा झालाय का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

'हो' म्हणावं तर शस्त्रक्रिया गेली. 'नाही' म्हणावं तर रेव्हरंडांच्या देखत देवाला खोटं पाडलं. रेव्हरंडांनी मान वळवून खिडकीबाहेर बघायला घेतलं. तेवढीच त्यांची माया. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"डॉक्टरसाहेब, वरून मंजुरी केव्हाच आलीय. आता फक्त तुमची सही राहिलीय."

पलीकडे कळफलक खडखडला.

"यासाठी आमच्याकडे रकाना नाही, मॅडम."

"मग करा ना एक."

"बघतो." मग जरा हळू आवाजात, "तुमचं ते चित्रण मी तीनदा पाहिलं. कामासाठीच. ऑर्गन फार छान वाजवतात तुमच्याकडे."

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. खाली बारीक अक्षरांत: 'शस्त्रक्रियेपूर्वी प्रकृतीत सुधारणा आढळल्यास ही मंजुरी रद्द समजावी.'

शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत मधे चार रविवार होते.

"हलायचं नाही," ओनीडाने दम दिला. "देव आला तरी बसून नमस्कार कर."

तीन रविवार बाईंनी बाक दोन्ही हातांनी आवळून धरला. चौथ्या रविवारी रेव्हरंडांनी सूर धरला, ऑर्गनने तो उचलला, आणि बाईंची बोटं एकेक करून सुटू लागली. ओनीडाने ते पाहिलं. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही न उतरवलेली आपली जांभळी पिसांची टोपी तिने काढली, तरातरा मागे गेली आणि कॅमेऱ्यावर चढवली.

इंटरनेटवर त्या दिवशी नुसती जांभळी पिसं दिसली. ती ठेक्यात हलत होती.