दुसऱ्या मुलाखतीआधीचं वर्ष

शर्वाणीला मेडिकलला जागा मिळाली नाही, ही बातमी बर दुबईत तिच्या आधी पोचली असावी. २००१ सालचा तो उन्हाळा होता. शुक्रवारी मंदिराच्या गल्लीत चपला काढता काढता कोणीतरी विचारायचंच, "काय गं, कुठे घेतलीस अ‍ॅडमिशन?" मग तिची आई कुमुद पुढे होऊन सांगायची, "यंदा ड्रॉप घेतलाय." हे सांगताना आईचा आवाज असा खाली यायचा, की विचारणारी बाई ओशाळून प्रसादाकडे वळायची.

मार्क वाईट नव्हते. रसायनशास्त्र जरा पडलं होतं, पण प्रवेशपरीक्षा चांगली गेली होती. मुलाखतीला बोलावणं आलं, नवा ड्रेस शिवून झाला, आणि तीन आठवड्यांनी नकार आला. वडील, भानुदास, म्हणाले, "फार्मसीला घाल नाव. खलास. एवढं काय त्यात?" त्यांचं रास अल खोरला कॅटरिंगचं किचन होतं. कामगारांच्या कॅम्पांना दोन वेळचे डबे तिथून जायचे. एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं धरायचं, हा त्यांचा रोजचा धंदा. एकाच दारावर पुन्हा टकटक करायची हे त्यांना पटत नव्हतं.

शर्वाणी मात्र उठली आणि त्याच दारावर गेली. आपल्याला का नाकारलं, एवढंच विचारायला. कॉलेजच्या ऑफिसात तासभर बसवून ठेवल्यावर मुलाखतीच्या पॅनलवरच्या डॉ. हमीदांनी तिला आत घेतलं. सुदानच्या बाई, ठेंगण्या, बोलायला अगदी सरळ.

"तुझे मार्क बघून आम्ही तुला बोलावलं होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुझं बोलणं ऐकून नाही म्हटलं."

शर्वाणीचे कान तापले.

"डॉक्टर का व्हायचंय, असं मी विचारलं. तू जे उत्तर दिलंस ते त्या दिवशी निम्म्या मुलांनी दिलं. क्लासमध्ये पाठ करून घेतात ना? मला सांग, नातेवाईक सोडून कुठल्या आजारी माणसाजवळ तू कधी बसलीयस?"

शर्वाणीने नकारार्थी मान हलवली.

"मग बस जाऊन. केमिस्ट्री परत दे. पुढच्या वर्षी अर्ज शेवटच्या आठवड्यात नको, सुरुवातीला कर. आणि तरीही यावंसं वाटलं तर ये."

टॅक्सीत तिला रडू आलं ते रागाचं. घरी पोचेपर्यंत राग गेला आणि उरलं ते खरं होतं. आजारी माणूस तिने पाहिला होता तो जीवशास्त्राच्या पुस्तकात, आकृतीसकट.

भानुदासांनीच शेवटी वाट काढली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कॅम्पला त्यांचे डबे जात. त्या कॅम्पच्या शेजारी डॉ. जहांआरा यांचं छोटं क्लिनिक होतं. मूळच्या लखनौच्या त्या बाईंनी शर्वाणीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तनख्वाह नहीं मिलेगी. बैठने को भी नहीं मिलेगा. मंज़ूर?"

"मंज़ूर."

दरवाज्याजवळचं पहिलं टेबल तिला मिळालं. आलेल्याचं नाव, ताप, वजन, ब्लड प्रेशर आणि काय होतंय ते कार्डावर एका ओळीत. पहिला महिना तिला स्टेथोस्कोपमधून काही ऐकूच यायचं नाही. दंडाला पट्टा बांधलेला सुतार मान वेळावून विचारायचा, "मिला क्या, बेटी?" आणि ती पुन्हा फुगा दाबायची. हळूहळू ऐकू यायला लागलं. मग आणखीही ऐकू यायला लागलं: पाठ दुखते म्हणणाऱ्याला झोप येत नसते, पोट दुखतं म्हणणाऱ्याच्या घरी काहीतरी बिनसलेलं असतं. दुपारी परतून ती केमिस्ट्री घेऊन बसायची. धाकटा भाऊ जय तिला प्रश्न विचारायचा आणि चुकलं की म्हणायचा, "राँग. नेक्स्ट." मार्चमध्ये तिने परीक्षा पुन्हा दिली. अर्ज तर त्याआधीच जाऊन पडला होता.

परीक्षा संपल्याच्या पुढच्या आठवड्यात विलास क्लिनिकमध्ये आला.

विलास हा पप्पांच्या किचनमधला तव्यावरचा मुख्य माणूस. शर्वाणी पाचवीत होती तेव्हापासून तिथे होता. हल्ली तवा सांभाळून डब्यांच्या व्हॅनबरोबरही फिरायचा. कॅम्पवर डबे उतरवून तो सहज डोकावल्यासारखा आत आला आणि तिला पाहून दारातच थबकला.

"ताई, तुम्ही इथे बसता होय? मला वाटलं आत ऑफिसात असाल." मग हसून म्हणाला, "काही नाही, खोकल्याचं औषध पाहिजे होतं."

"बसा ना, विलासदादा. कधीपासून आहे खोकला?"

"दिवाळीपासून असेल. एसीचा आहे."

तिने वजन घेतलं. कमरेच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने नवी भोकं पाडलेली दिसत होती. "ताप येतो?"

"संध्याकाळी अंग जरा कोमट होतं. तव्यापुढे कोणाचं नाही होत?"

"थुंकीतून काही पडतं?"

त्याने मागे दाराकडे पाहिलं. "सकाळी कधीतरी लाल दिसतं. पानाचं असेल."

"तुम्ही पान खात नाही, दादा."

विलास टेबलावर ओणवून हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, कार्डावर फक्त खोकला लिहा. पोराचं आयटीआयचं शेवटचं वर्ष आहे. एवढं वर्ष निघू दे. इथे टीबी निघाला की काय करतात, माहीत आहे तुम्हाला. आधी इस्पितळ, मग विमान. आणि साहेबांच्या किचनचं काय होईल, त्याचाही विचार करा जरा."

तो विचार तिने कधीच केला होता. टीबी असलेला माणूस जेवण बनवतोय म्हटल्यावर तपासणी येणार, किचनला कुलूप लागणार. या कॅम्पचं कंत्राट पुढच्याच महिन्यात नवं व्हायचं होतं. घरात महिनाभर त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. पेन तिच्या हातात होतं. खोकला, एवढा एकच शब्द लिहिला असता तर आत साठ पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांनी सिरप देऊन त्याला वाटेला लावलं असतं.

"तुम्ही आत चला," ती म्हणाली. "डॉक्टरांना हे सगळं स्वतः सांगा. मी येते बरोबर."

"राहू दे. सिरप बाहेर मिळतं." तो उठला आणि निघूनसुद्धा गेला.

शर्वाणी तशीच उन्हात धावली. व्हॅनवर पप्पांच्या किचनचं नाव रंगवलेलं होतं. विलास आत बसून दार ओढणार तोच तिने ते धरलं.

"दादा, तुमच्या खोलीत कोण कोण झोपतं?"

"आठ जण आहोत. का?"

"त्यातलं कोणी खोकतं?"

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"बाबाजी खोकतो अलीकडे," विलास म्हणाला. बाबाजी त्याच्याच गावचा. विलासनेच त्याला इथे आणलं होतं, व्हिसाचं बघून, पप्पांकडे शब्द टाकून.

"त्याला तुमच्याकडूनच लागलं असेल तर?"

विलासचा चेहरा बदलला. राग असावा, किंवा भीती. "साहेबांना सांगणार तुम्ही?"

"नाही. हे तुमचं आहे. घरी मी एक अक्षर बोलणार नाही. पण डॉक्टरांपासून मी लपवणार नाही, दादा. तुम्ही गेलात तरी कार्ड आत जाणार."

तो उतरला. आत जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. डॉ. जहांआरांनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, फार वेळ ऐकलं आणि मग फोन उचलला. त्याच दुपारी त्याला सरकारी इस्पितळात नेलं.

पुढचे दोन दिवस शर्वाणीला घरात वावरणं जड गेलं. गुरुवारी जेवताना भानुदास म्हणाले, "विलासचा पत्ता नाही. ड्रायव्हर म्हणतो इस्पितळात गेला, कशाला ते सांगत नाही. शरू, तुझ्या क्लिनिकच्या बाजूलाच गेली होती ना व्हॅन?"

तिने वरणात भात कालवला. "हो."

"आला होता का तिथे?"

"पप्पा, मला क्लिनिकमधलं काही विचारू नका."

कुमुदचा हात वाढता वाढता थांबला. भानुदास मुलीकडे बघत राहिले. तिने मान वर केली नाही, पण उत्तर त्यांना मिळालं होतं.

शनिवारी सकाळी तपासणीवाले किचनवर आले. सगळ्यांचे एक्सरे काढायचा हुकूम झाला, दाराला कुलूप लागलं. भानुदास दुपारीच घरी आले. आजवर ते दुपारी कधी घरी दिसले नव्हते.

"एक शब्द," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. "फक्त एक शब्द टाकला असतास. मी त्याला सुट्टीवर पाठवलं असतं. गावी औषध घेतलं असतं त्याने. त्याची नोकरी राहिली असती, माझं किचन राहिलं असतं."

"आणि तो विमानात तीन तास खोकत बसला असता? आणि खोलीतले बाकीचे?"

"त्यांचंही बघितलं असतं मी. माझी माणसं आहेत ती."

"पप्पा, ते पेशंटचं होतं. माझं नव्हतं आणि तुमचंही नव्हतं. मी सांगूच शकत नव्हते."

"आणि किचन कोणाचं आहे? तुझी फी कुठून येणार होती?"

जय मध्ये पडला. "पप्पा, शी कुडंट हॅव टोल्ड यू. दॅट्स द रूल."

"तू आत जा," भानुदास म्हणाले. मग स्वतःच आत गेले आणि दार लावून घेतलं.

बाबाजीच्या एक्सरेत डाग निघाला. खोलीतल्या आणखी एकाच्या निघाला, पण अगदी सुरुवातीचा. किचन काही दिवसांनी उघडलं, कॅम्पचं कंत्राट मात्र दुसऱ्याला गेलं. भानुदासांनी कामापलीकडचं काही शर्वाणीशी बोलणं सोडलं. "चहा झाला का" आणि "किल्ली कुठे आहे", एवढंच. विलास इस्पितळातून थेट विमानतळावर गेला. तिने निरोप पाठवला होता, त्याचं उत्तर आलं नाही.

मे अखेरीस पुन्हा मुलाखतीचं पत्र आलं. केमिस्ट्रीचे मार्क सुधारले होते. डॉ. जहांआरांनी शिफारसपत्र हातात देताना बजावलं, "वो टीबीवाला किस्सा ज़रूर सुनाना. तेरे साल भर में उससे बड़ी चीज़ कोई नहीं."

शर्वाणीलाही ते कळत होतं. आणि त्यामुळेच तिला रात्रंदिवस अस्वस्थ वाटत होतं. एका माणसाचं आयुष्य उलटंपालटं झालं, पप्पांचा धंदा बसला, आणि आता तेच आपण ताटात वाढून पुढे ठेवायचं, जागा मिळावी म्हणून. आरशासमोर तिने उत्तराची तयारी करून पाहिली. तिसऱ्या वाक्याला तिला स्वतःचा आवाज क्लासमध्ये पाठ करून घेतल्यासारखा ऐकू आला. तिने तयारीच सोडून दिली.

मुलाखतीच्या सकाळी ती टॅक्सी बोलवायला निघाली, तर भानुदास गाडीची किल्ली घेऊन उभे.

पॅनलवर डॉ. हमीदांबरोबर दोघे होते. "वर्षभर काय केलंस?" त्यांनी विचारलं. शर्वाणीने ब्लड प्रेशर ऐकू न येण्याचं सांगितलं. पाठदुखीवाल्यांचं सांगितलं. त्यातले उंच डॉक्टर पुढे वाकले. "एखादा कठीण प्रसंग?"

हाच तो प्रश्न.

"एका माणसाने मला त्याचं एक लक्षण लपवायला सांगितलं. मी लपवलं नाही. त्याच्या खोलीतले दोघे वेळेत सापडले. त्याची नोकरी गेली."

"म्हणजे तू योग्य केलंस."

"केलं. पण तो नंतर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते."

डॉ. हमीदा पेन ठेवून तिच्याकडे पाहू लागल्या. "आणखी कोणाला किंमत मोजावी लागली?"

"लागली," शर्वाणी म्हणाली. "पण ते मी इथे नाही सांगणार. ते सांगून मला जागा मिळावी असं मला वाटत नाही."

उंच डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते चांगलं होतं की वाईट, हे चेहऱ्यावरून काही कळेना. मग तिसऱ्यांनी मूत्रपिंडाबद्दल विचारलं आणि ती गडबडत, सावरत उत्तर देत गेली.

गाडीत बसल्यावर भानुदासांनी एसी वाढवला. "किचनचं विचारलं?"

"आडून विचारलं. मी सांगितलं नाही."

रस्त्यावर उन्हाने डांबर थरथरत होतं. पुढच्या सिग्नलला ते म्हणाले, "विलासशी बोललो काल. गोळ्या घेतोय वेळेवर. अंग धरलंय जरा."

"तुम्ही फोन करता त्याला?"

"दर आठवड्याला. नाहीतर बंद करेल गोळ्या, मला माहीत आहे तो."

तिने खूप धीर केला. "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"नाही," भानुदास म्हणाले. तिच्या समाधानासाठी ते खोटं बोलले नाहीत. "वेळ लागेल त्याला. मलाही लागतोय."

जुलैत एका सकाळी कॉलेजातून फोन आला. कुमुदने घेतला, पलीकडच्या माणसाला तेच दोनदा बोलायला लावलं आणि रिसीव्हर लेकीच्या हातात देऊन पदराने चष्मा पुसत खाली बसली. शर्वाणीने सगळं ऐकून घेतलं, आभार मानले, आणि फोन ठेवून लगेच किचनचा नंबर फिरवला.

"पप्पा, मिळाली."

"काय?" मागे भांड्यांचा खणखणाट होता. "मोठ्याने बोल."

"अ‍ॅडमिशन. मिळाली मला."

पलीकडे कोणीतरी कणकेची परात सरकवली, कोणीतरी पीठ मागितलं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "डबे भरून झाले की येतो घरी. आईला सांग, जेवायला थांबा."

फोन त्यांनी लगेच ठेवला नाही. तिनेही नाही.