पटाबाहेरची अकरा ओगराळी

बालमित्रांनो, मी ओगराळे. पितळेचे, खोल वाटीचे, लांब दांड्याचे. आता माझी कल्हई उडाली आहे आणि दांडाही जरा वाकला आहे. पण एके काळी माझ्यातून वाढलेली पेज खाडीकाठच्या कितीतरी पोरांच्या पोटात गेली. त्यांतल्या अकरा जणांची नावे कुठल्याच कागदावर नाहीत. त्यांच्यासाठी आणि त्यांना वाढणाऱ्या एका बाईसाठी आज मी बोलायचे ठरवले आहे.

एकोणीसशे एकोणपन्नास साली कल्याणच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. माजिवड्याजवळच्या खाडीकाठी एक लहानशी वाडी होती. तिथल्या लोकांनी वर्गणी काढून मला देवळासाठी घेतले. देवळात दरवर्षी सप्ताह बसे. बुवा कीर्तनाला उभे राहिले, झांज वाजली, की स्वयंपाकघरातल्या खुंटीवर मीसुद्धा हलके थरथरत असे. काय सांगू तुम्हाला ते सुख! आख्यान रंगात आले की मिठागरात राबून मिठाने चिरा पडलेले हात आपोआप टाळी धरत. शेवटच्या दिवशी भंडारा होई. तिथे मला एकच गोष्ट शिकवली गेली: पुढे आलेले पान रिकामे परत जायचे नाही.

ते शिकवणारा हात ठमाबाईंचा होता. त्या वाडीतल्याच. नवरा गेल्यावर मिठागरात राबून त्यांनी दिवस काढले होते. भंडाऱ्यात त्या सगळ्यांना वाढत आणि स्वतः सर्वांत शेवटी, उरले तर जेवत.

पुढे त्रेपन्न साली वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत मुलांना दुपारची पेज द्यायचे ठरले. शाळेकडे ओगराळे नव्हते, म्हणून पंचांनी मला देवळातून शाळेत दिले. मोठे पातेले आले, तीन दगडांची चूल झाली आणि स्वयंपाकाला ठमाबाई आल्या. शिक्षक होते सहदेव गुरुजी, साताऱ्याकडचे. सरळ माणूस. त्यांनी डाळ-तांदूळ वाण्याकडून उधारीवर आणायचे, मुलांना खाऊ घालायचे आणि महिनाअखेर वरच्या कचेरीत मागणीपत्रक धाडायचे. पटावरच्या जितक्या मुलांनी पेज खाल्ली, तितक्यांचा खर्च, दर मुलामागे दीड आणा, परत यायचा.

ठमाबाईंना लिहिता येत नव्हते. एक ओगराळे वाढले की त्या एक चिंचोका पत्र्याच्या डब्यात टाकत. पंगत उठली की गुरुजी चिंचोके मोजत आणि आकडा कागदावर चढवत.

आता मुलींचे ऐका. त्या वाडीतले आई-बाप सकाळीच मिठागरावर जात. घरातले तान्हे सांभाळायचे कुणी? थोरल्या बहिणीने. म्हणून मुली शाळेत येतच नव्हत्या. पेज सुरू झाल्यावर बायजा नावाची नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला, भिवाला, कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"ठमाआजी, याला घेऊन बसू काय? रडायचा नाय हा."

"बस की! भाऊ हाय का भोपळा गं हा? तुझी कंबर मोडेल." ठमाबाईंनी भिवाच्या गालाला हात लावला. "काय रे, धडा पाठ झाला? मग पुढं कर भांडं."

भिवाने भांडे पुढे केले नाही, माझा दांडाच धरला. सगळी पंगत हसली. त्याला एक ओगराळे पेज मिळाली आणि डब्यात एक चिंचोका पडला. पंधरा दिवसांत कडेवर एकेक भावंड घेतलेल्या अकरा मुली शाळेत येऊ लागल्या. एका हाताने पाटीवर अक्षर काढायचे आणि दुसऱ्या हाताने धाकट्याला थोपटायचे, असे त्यांचे शिकणे चाले.

या मुली धरून पटावरची हजर मुले अडतीस. चिंचोके एकोणपन्नास, कारण कडेवरच्या अकरा बारक्यांची नावे पटावर नव्हती. गुरुजींनी मागणीपत्रकात एकोणपन्नास लिहिले. तेवढी पेज खरोखर वाढली होती हो! वाण्याचे तेवढे देणेही होते. पण तो रकाना पटावरच्या मुलांचा होता आणि गुरुजींनी त्यात ओगराळी लिहिली. एक दिवस नव्हे, पाच महिने.

मग तपासनीस आले. शाळा सुटली होती. मुली भावंडांना घेऊन घरी गेल्या होत्या. ठमाबाई मला राखेने घासत होत्या. साहेबांनी हजेरीपट आणि मागणीपत्रके शेजारी शेजारी ठेवली आणि बोट फिरवू लागले. माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नाही.

"गुरुजी, रोज अकरा जास्त. ही अकरा मुलं कोण?"

गुरुजी म्हणाले, "साहेब, ती... पटावर नाहीत."

"पटावर नाहीत, तर त्यांचे पैसे कसे मागितले? खाली सही तुमची आहे. खोटी मागणी केली असेल तर नोकरी जाईल, कल्पना आहे ना? की वाढताना कुणी घोटाळा केला?"

गुरुजींनी बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात मला हातात तसेच धरून ठमाबाई उभ्या राहिल्या.

"सायेब, मी नेत होते घरी. जास्तीचे चिंचोके मीच टाकायची. गुरुजींना काय ठावं नाय."

मित्रांनो, जिने मला एकदाही आधी स्वतःच्या पानाकडे वळवले नव्हते, ती हे बोलत होती! मला ओरडावेसे वाटले. पण पितळेला जीभ कुठली?

"काय गुरुजी, खरं आहे हे?" साहेबांनी विचारले.

गुरुजी खाली बघत राहिले. त्यांना चार मुले होती.

ठमाबाईंचे काम त्याच दिवशी गेले. जास्तीची रक्कम त्यांच्या राहिलेल्या पगारातून कापायची ठरली. साहेब गेल्यावर गुरुजी कसेबसे म्हणाले, "ठमाबाई, हे काय केलंत? मी सांगणार होतो."

"तुमची नोकरी गेली तर शाळेला कुलूप लागंल. अडतीस पोरं उपाशी. माझं काय, मिठागर हाय की." मला खुंटीवर अडकवून त्या निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "पण गुरुजी, त्या अकरा बारक्यांचं बघा हं काहीतरी."

गुरुजींनी मान हलवली. पण पुढे त्यांना काहीच करता आले नाही. साहेबांची सक्त ताकीद होती: पटावर नाव असेल त्यालाच पेज. नवी बाई नाव पुकारून वाढू लागली. बायजाच्या भांड्यात एक ओगराळे पडले. भिवाने आपला हात माझ्याकडे केला, तशी बाई म्हणाली, "याचं नाव नाय." बायजाने आपली पेज त्याला पाजली आणि रिकाम्या पोटी बाराखडी म्हटली. असे चार दिवस. पाचव्या दिवशी ती आली नाही. गुरुजी तिच्या झोपडीपर्यंत जाऊन आले. ती भावाला घेऊन आईबरोबर मिठागरावर गेली होती. महिना सरेपर्यंत अकरांपैकी नऊ मुली गेल्या. ज्यांच्या घरी आज्या होत्या, त्या दोघी तेवढ्या राहिल्या.

आणि ठमाबाई? वाडीत बातमी पसरली की हिने पोरांच्या तोंडचे खाल्ले. त्या वर्षी सप्ताहात त्या कीर्तनाला आल्या, तेव्हा शेजारच्या बाया सतरंजीवर सरकून बसल्या. बुवा भूतदयेचे आख्यान लावत होते. ठमाबाई डोळे मिटून टाळी वाजवत होत्या. मला भंडाऱ्यासाठी देवळात नेले होते, म्हणून हे मी पाहिले. मला धरायला त्यांना कुणी बोलावले नाही. प्रसाद न घेताच त्या उठून गेल्या.

गुरुजी त्या कीर्तनात मागे उभे होते. त्यांनी सगळे पाहिले. तेव्हाही ते बोलले नाहीत. मात्र त्यानंतर शाळेतली भांडी ते स्वतः घासू लागले. मला घासताना त्यांचे हात थांबत आणि माझ्या वाटीत टप् टप् थेंब पडत.

वर्षभराने तेच तपासनीस पुन्हा आले. पुन्हा शाळा सुटल्यावर. पटावर हजर एकोणतीस, मागणी एकोणतीस. एका आण्याचाही फरक नाही. त्यांनी लाल शाईने शेरा लिहिला: "हिशेब चोख. समाधानकारक." आणि गुरुजींच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. गुरुजींनी ती कशी सोसली, ते मी खुंटीवरून पाहिले.

मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी गुरुजी व्हाल, कुणी साहेब व्हाल. गरिबाच्या घासाचा पैसा आहे, तो तपासलाच पाहिजे. चोर असतात, त्यांना धराच. माझी विनवणी एवढीच आहे. तपासायला याल तेव्हा भांडी घासून पालथी घातल्यावर येऊ नका. जेवणाच्या वेळी या. पंगतीच्या टोकाला घटकाभर उभे राहा आणि कुणाचे भांडे पुढे येते आहे, ते आधी डोळ्यांनी बघा. मग वही उघडा.