नवव्या मजल्यावरचा वाफसा

कुंडीत बसून बोलतेय, त्यामुळे आवाज जरा दबका वाटेल. मी माती. सध्या मुक्काम नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, गुलाबाच्या एका रडक्या रोपाखाली. पण माझं मूळ घर इथेच, बरोबर खाली. आता जिथे गाड्या लावतात, तिथे मी शेत होते.

मला कोणी एका दिवसात घडवलं नाही. आधी मी खडक होते. पाण्याने फोडलं, मुळांनी चिरलं, गांडुळांनी चावून चावून मऊ केलं. तेवढ्या काळात माणसांच्या किती पिढ्या आल्या नि गेल्या, मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. माणसं मला सोनं म्हणायची आणि चपला झटकून घरात जायची. मला त्याचा कधी राग आला नाही.

माझे शेवटचे मालक दोघं, भाऊ आणि बहीण. थोरला आणि धाकटी. बापाने वाटणी केली नव्हती. "मिळून करा" एवढंच सांगून गेला. मिळून केलंही. गहू, कोबी, बटाटे. थोरल्याला माझी नस कळायची. पाऊस उघडला की तो मला मूठभर उचलायचा, दाबून गोळा करायचा आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. गोळा तसाच राहिला तर अजून ओल जास्त. फुटून भुगा झाला तर वाफसा आला, आता पेरायला हरकत नाही. मग तो धाकटीला हाक मारायचा.

एका वर्षी त्याने बांधावरचं जुनं झाड तिला न विचारता तोडलं. लहानपणी त्याच झाडाखाली बसून ती अभ्यास करायची. त्या दिवसापासून बोलणं बंद. काम मात्र चालूच, मध्ये ट्रॅक्टरवाला. बहीण हाताच्या अंतरावर उभी असताना थोरला म्हणायचा, "तिला सांग, उद्या नांगरायचंय."

"ऐकलं त्यांनी," ट्रॅक्टरवाला सीटवरूनच म्हणायचा.

"तरी सांग."

मग तो सांगायचा. धाकटीचं उत्तरही त्याच वाटेने परत. मला हसू यायचं. वाटायचं, रुसवा आहे, निवळेल एक दिवस. चुकलंच माझं.

तोवर शहर आमच्या बांधापर्यंत येऊन ठेपलं होतं. शेतजमीन राखण्याचं काम बघणाऱ्या कचेरीतल्या एक बाई आल्या. बांधावरच बसल्या. म्हणाल्या, "ही जमीन कायम शेतच राहील, असं दोघांनी मिळून लिहून द्या. बांधकामाचा हक्क सरकार विकत घेईल. जमीन तुमचीच. ती कसा, पुढे मुलांना द्या. फक्त इथे इमारत कोणालाच उभी करता येणार नाही."

दोघांनाही नेमकं हेच हवं होतं. मला नाही तर कोणाला ठाऊक असणार? थोरला खणताना पुटपुटायचा, "हिला सिमेंटखाली जाऊ देणार नाही." बटाटे काढताना धाकटी माझ्यापाशीच मन मोकळं करायची. पण ट्रॅक्टरवाला लेकीच्या बाळंतपणाला गेलेला. निरोप न्यायला कोणी नाही.

"मग? काय ठरलं?" बाईंनी विचारलं.

"आधी तिचं काय ते कळू दे," थोरला म्हणाला.

"मोठे ते आहेत. आधी त्यांनी बोलावं," धाकटी म्हणाली.

दोघंही माझ्याकडे बघत बसले. बाई "कळवा" म्हणून उठल्या. थोरल्याला वाटलं, हिच्या मनात विकायचं आहे. धाकटीलाही त्याच्याबद्दल तेच वाटलं.

ट्रॅक्टरवाला परत यायच्या आत दलाल आला. तो दोघांना वेगवेगळं भेटला. थोरल्याला म्हणाला, बहीण तयार आहे. धाकटीला म्हणाला, भाऊ तयार आहे. एक हाक मारली असती तर शेताच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू गेली असती. कोणी मारली नाही. सह्या झाल्या.

यंत्रं आली तेव्हा आधी मलाच खरवडलं. माझ्यावर पाया टिकत नाही म्हणे. ढिगाऱ्याजवळ दोघं उभे होते. थोरला तिच्याकडे बघून म्हणाला, "का विकलीस?"

"तू विकायला निघालास म्हणून."

"मी? अगं, दलाल तर म्हणाला की तू..."

ट्रॅक्टरवाला मागेच उभा होता. त्या दिवशी त्याला कोणी काही सांगायला सांगितलं नाही.

माझा ढीग ट्रक भरभरून कुणाकुणाच्या हिरवळीसाठी गेला. थोरल्याने एक पाटी भरून मला ठेवून घेतलं. आता शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या याच इमारतीत दोघांची घरं शेजारी शेजारी आहेत. कठड्यावरून दिवसभर बोलतात. गोळ्या घेतल्यास का, पाणी कधी येणार, असलं काहीबाही. ऐकून माझा जीव जळतो.

खालच्या ओढ्यापलीकडे अजून शेतं आहेत, मला इथून दिसतात. तिथल्या एखाद्या बांधावर कोणी अबोला धरून बसलं असेल, तर तुम्ही जाऊन सांगा त्यांना. म्हणावं, भांडा, पण तोंडाने भांडा.

कुंडीला पाणी घालून झालं की दुसऱ्या दिवशी थोरला मला मूठभर उचलतो, दाबतो आणि सोडून देतो. मी फरशीवर फुटते.

"वाफसा आलाय गं," तो म्हणतो.

"हो दादा," म्हणत धाकटी केरसुणी घेऊन येते आणि मला गोळा करून कुंडीत टाकते. दरवेळी थोडी उरतेच. तेवढी ती ओल्या फडक्याने पुसून घेते.