सुपारीवरचा वायपर

बसा हो, घाई कसली आहे. चहा येईपर्यंत मुलुंडच्या धोंडू परबाच्या वायपरची गोष्ट सांगतो. ऐकून तुम्हाला वाटेल, हा बाबा फेकतोय. पण गाडी अजून चालू आहे, जाऊन बघा.

धोंडूने आयुष्यभर शाळेची बस चालवली. रिटायर झाला तरी हात सुटेना, म्हणून स्वतःची जुनी लाल गाडी जीव लावून सांभाळायचा. पंचवीस वर्षांची गाडी, पण आरशासारखी पुसलेली. त्यात धोंडू मालवणी माणूस. त्याच्या घरात सगळ्या दुखण्यावर एकच औषध, खोबरेल तेल. दरवाजा करकरला, घाला खोबरेल. कुलूप अडकलं, घाला खोबरेल. गुडघा धरला, चोळा खोबरेल.

त्या वर्षी त्याने थोरल्या बहिणीला शब्द दिला होता. चंपाबाय ऐंशीला टेकलेली. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती गावच्या गणपतीला गेलीच नव्हती. ट्रेनमध्ये तिला चढवता येत नाही, एसटीत पाय लांब करता येत नाही. दरवर्षी चतुर्थीला ती फोनवर आरती ऐकायची आणि फोन ठेवला की कुणाशी बोलायची नाही. धोंडू म्हणाला, "बाय, औंदा तू येतलंस. माझ्या गाडयेतसून. पुढची सीट तुझी." म्हातारीने त्याच दिवशी पिशवी भरली.

आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळी वायपर मेला.

बटण दाबलं की आतून घूं घूं आवाज येई, पण काचेवरच्या पट्ट्या ढिम्म. चंपाबाय बिल्डिंगखाली खुर्ची टाकून बसलेली. ती म्हणाली, "ह्या मगासधरना नुसता घूं घूं करता, हात काय हलवणा नाय. तुझोच गुण लागलो हेका."

धोंडूचा मुलगा सर्वेश वरून खाली आला. शांत पोरगा, पण एकदा बोलला की बोलला. "पप्पा, वायपर चालला नाही तर आत्याला मी गाडीत बसू देणार नाही. घाटात पाऊस असा धोधो असतो. समोरचं दिसलं नाही तर काय करणार, तिला हात बाहेर काढून काच पुसायला लावणार?"

"दुसरी गाडी बघ मग."

"गणपतीत? सगळ्या महिन्यापूर्वीच बुक झाल्या."

पोरगा खरं बोलत होता, हेच दुखत होतं.

नाक्यावरचा मेकॅनिक आला. काचेखालची काळी जाळी काढून आत बघितलं. मोटर ठीक होती. मोटरला एक लांब लोखंडी पट्टी असते. तिच्या टोकाला प्लॅस्टिकची वाटी, आणि वाटीत लोखंडी गोटी बसते, खांद्यात हाताचा गोळा बसतो तशी. ती वाटी फुटली होती. "काका, बुश गेला. हे मॉडेल बंद झालं. भंगारात मिळाला तर तुमचं नशीब." एवढं बोलून तो गेला. त्याच्याकडे गणपतीला निघालेल्या गाड्यांची लाईन होती.

धोंडू आत वाकला तर सगळीकडे तपकिरी डिंक. पट्ट्यांचे दांडे त्यात जाम झालेले. मोटर बिचारी ओढून ओढून थकली आणि मधल्या मध्ये वाटी फुटली.

चंपाबायने नाक वर केलं. "धोंडू, हयसर खवट वास कसलो येता रे?"

"तेलाचो."

"कसला तेल?"

सर्वेशने बोटाला लावून हुंगलं आणि कपाळाला हात लावला. "खोबरेल. पप्पा, वायपरला खोबरेल?"

"करकरत होता," धोंडू पुटपुटला.

"गाडयेक खोबरेल," म्हातारी म्हणाली. "केस गळतत काय तिचे?"

वॉचमनसुद्धा हसला. पण धोंडूची मान खाली गेली. म्हणजे बहिणीचा गणपती त्याने स्वतःच्या हाताने बुडवला होता, थेंब थेंब घालून.

मग तो पेटला. थिनरने दांडे धुतले, घासले, बोटाने फिरतील इतके मोकळे केले, ग्रीस भरलं. गोटीवर चिंधी गुंडाळून पट्टी तारेने बांधली. बटण दाबलं. वायपर एकदा गेला, एकदा आला, आणि खाडकन पट्टी सुटली. परत बांधली. परत सुटली. सर्वेश हळूच म्हणाला, "पप्पा, राहू दे. आत्याला पुढच्या वर्षी नेऊ."

ऐंशी वर्षांच्या बाईसमोर पुढचं वर्ष म्हणतोय. चंपाबायने कनवटीची पानसुपारीची चंची काढली, अडकित्ता उघडला आणि सुपारी कातरली. कट्. अर्धी सुपारी घरंगळत धोंडूच्या पायाशी आली.

धोंडूने ती उचलली. अंगठ्याने चाचपली. गोटीपेक्षा जराशी मोठी, लाकडासारखी टणक.

"बाय, एक आखी सुपारी दी."

"तुका कधीपासून सुपारी लागाक लागली?"

"माका नाय. गाडयेक."

"आधी तेल घातलंस, आता सुपारी देतंस. उद्या कुंकू लाव तिका."

पहिली सुपारी ड्रिल लावताच फुटली. दुसरीचे दोन तुकडे. म्हातारीला राहवलं नाही. "मेल्या, सुकी फुटतलीच. भिजलेली घे." तिला दात नाहीत. चंचीतली सुकी सुपारी ती आल्यागेल्याला कातरून द्यायची, स्वतःसाठी मात्र रात्रभर भिजवून ठेवायची, मऊ करून कातरायला. सर्वेशने वरून ती भिजवणीची वाटी आणली. भिजलेल्या सुपारीत ड्रिल लोण्यासारखं गेलं. धोंडूने कानशीने आत गोल खळगा केला, बाहेरून फुटक्या वाटीच्या जागी, पट्टीच्या भोकात बसेल इतकी घासली, आणि ओली असतानाच गोटीवर दाबून बसवली. सुकली की आवळणार, ढोलकीच्या चामड्यासारखी. सर्वेश धावत वर गेला आणि बायकोचं केस सुकवायचं मशीन घेऊन आला. दोघं बापलेक बॉनेटमध्ये डोकं घालून सुपारीला गरम हवा मारत होते.

"शेवटाक केस सुकयलेच तिचे," चंपाबाय म्हणाली.

थोडं ग्रीस. वरून तारेचे दोन वेढे. सर्वेशने सोसायटीचा पाईप काचेवर सोडला, धोंडूने बटण दाबलं. सरक्, सरक्. सरक्, सरक्. सर्वेशने पाईप धरूनच चहा प्यायला, पेपर वाचला, एक फोन घेतला. वायपर थांबला नाही. मग त्याने पाईप बंद केला आणि म्हणाला, "आत्या, पिशवी कुठाय तुझी?"

परशुराम घाटात पाऊस असा आला की पुढचा ट्रक दिसेना. सर्वेश चालवत होता, धोंडू मागे बसून देवाचं नाव घेत होता. आणि म्हातारी पुढच्या सीटवर, पाय लांब करून, काचेवरच्या पट्ट्यांबरोबर मान इकडून तिकडे हलवत होती. "चल गे बाय, चल," असं गाडीला सांगत. गाडी चालली. कणकवलीपर्यंत चालली.

गावच्या घरी भटजींनी पूजेला सुपारी मांडली, गणपती म्हणून मांडतात तशी. चंपाबायने हात जोडले, आणि आधी एक जास्वंद उचललं. धोंडूला म्हणाली, "जा, आधी गाडयेतल्या गणपतीक घाल. तेनी आणल्यान माका." धोंडूने भर पावसात बॉनेट उघडून फूल वाहिलं आणि तिथेच आरती म्हटली. आतल्या आरतीपेक्षा त्याचाच आवाज मोठा होता.

आता तीच सुपारी अजून फिरतेय. खोबरेलची बाटली मात्र सुनेने लपवून ठेवलीय. सर्वेश अजून कुर्ल्याच्या भंगारात कंपनीचा खरा बुश शोधतो. तुमचं तिकडे जाणं-येणं असतं ना? म्हणून एक काम करा माझं. चुकून तुम्हाला तो बुश कुठे दिसला, तर विकत घेऊन खिशात ठेवा, आणि धोंडूला, सर्वेशला सांगू नका. गाडीतला गणपती आहे तिथेच राहू दे.